अक्षता नसलेला तुकडा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजून मनाला चुटपुट लागते. गुन्हा उघडकीस आला, मुद्देमाल मिळाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरीही लागते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी अंबाजोगाई भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. लग्नाच्या कॅसेटचं कॉम्प्युटरवर मिक्सिंग करून घ्यायचं खूळ तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. एका सकाळी हजेरी चालू असताना घाटनांदूरचे एक कापड दुकानदार तसलीच कॅसेट घेऊन आले. त्यांच्या मुलाच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी, नवरीच्या खोलीतून सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. अब्रूला भिऊन ते इतके दिवस गप्प होते. आता मात्र आवाज चढला होता. "सायेब, चोर टीव्हीत दिसायलाय!"

हॉटेलवाल्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणून आम्ही कॅसेट लावली. अंतरपाट धरलेला, नवरी उभी, मागे तिचा मामा. मध्येच मामाची जागा रिकामी. थोड्या वेळाने मामा पुन्हा हजर. दागिन्यांची बॅग सांभाळायचं काम याच मामाकडे होतं. सगळ्या भावकीने कॅसेट पाहून निकाल लावून टाकला होता, पोलीस फक्त शिक्क्यापुरते हवे होते.

मामा धर्मापुरीचा शेतकरी. बाप वारल्यावर भाचीला त्यानेच लहानाची मोठी केली होती. तो जिवाच्या आकांताने एकच सांगत होता, "बॅग खोलीत ठिवून कडी लावली आन् पोरीच्या मागं हुबा ऱ्हायलो. अष्टकं सरंस्तोवर हाललो न्हाई." चोर माणूस उलटतपासणीत गोष्टीला ठिगळं जोडत जातो. हा काहीच जोडत नव्हता. मला त्याला अटक करावीशी वाटेना.

मी कॅसेट पुन्हा पुन्हा लावली. शेवटी एक गोष्ट खटकली. आमच्याकडे अक्षता म्हणून रंगवलेली ज्वारी टाकतात आणि वऱ्हाडी हात राखून टाकत नाहीत. पहिल्याच अष्टकाला नवरीचं डोकं, खांदे लालपिवळे झाले होते. मामा नसलेल्या तुकड्यात मात्र तिच्या अंगावर एक दाणा नव्हता. पुढच्या क्षणी पुन्हा ज्वारीच ज्वारी. नवरीने भर मांडवात अंग झटकलं की काय?

व्हिडिओवाल्याला बोलावलं. तो आधीच घामाघूम. "सायेब, कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना चित्र अडखळायलं. निस्ते झटके. गिऱ्हाईक पैसे कसं देईल? मग तेवढं कापलं आन् अष्टकं सुरू व्हायच्या आधीचं नितळ चित्र तिथं बसवलं. आवाज सलग ठिवला की कुनाला कळत न्हाई."

"आणि तेव्हा मामा कुठं होता?"

"भटजीला अक्षताचं ताट आनून द्यायला गेलता की."

मी कपाळावर हात मारून घेतला. नशिबाने कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट त्याने अजून पुसली नव्हती. तिच्यात मामा जागचा हललेला नव्हता. आणि चित्राच्या कडेला, सगळे अक्षता टाकत असताना, दुकानदारांचे स्वतःचे जावई हळूच खोलीकडे निघालेले दिसत होते. जावयांनी पहिल्या चहालाच कबुली दिली. पाटल्या सोनाराकडून जप्त झाल्या. दुकानदार मग "घरातलं घरात मिटवा" म्हणून हातापाया पडू लागले. मामाच्या वेळी हे घर त्यांना आठवलं नव्हतं.

जबाब पुरा करायला मामाला बोलावलं, तेव्हा भाचीही आली होती. तिने रडत त्याचे पाय धरले. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी ऱ्हा" म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मी मागोमाग गेलो. म्हणालो, "आता तुमच्यावर कसलाच डाग नाही. झालं गेलं विसरा."

"गावानं चोर म्हनलं, त्ये इसरीन सायेब. पर ती बी टीव्ही बघून मला इचारली, 'मामा, तवा तुमी कुठं गेलता?'" त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "माजे दोन्ही हात तिच्या खांद्यावर व्हते, सायेब."

पडद्यावरचं चित्र शपथेवरच्या साक्षीदारासारखंच उलटून पालटून तपासायचं, हे मी पुढे हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. पण त्या मुलीने स्वतःच्या खांद्यांवर विश्वास का ठेवला नाही, याचा तपास मला कधीच लागला नाही. मामा तिच्या घरची पायरी पुन्हा चढला नाही, असं नंतर कानावर आलं.