गिरणीतलं बोलणं

माझा आवाज पहिल्यापासून पहाडी. चाकणच्या बाजारात या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा माणूस वळून बघायचा. स्वभावही तसाच, तापट. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, मात्र शांत. तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी चालवायचे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमची मुलगी तीन वर्षांची असताना तापानं फणफणली. देवाच्या कृपेनं उठली, पण ऐकू फार कमी यायला लागलं. मग काय, मी ओरडायला लागले. कानाशी तोंड नेऊन, घशाच्या शिरा ताणून, "जेवायला चल!" पोरगी मान फिरवायची, डोळे घट्ट मिटायची. मला वाटायचं, ऐकू येत नाही ते नाहीच, वर हट्टी! दोन-चार धपाटेही घातले. घातले, खोटं कशाला बोलू?

सहा वर्षांची झाल्यावर तिला शाळेत नेलं. शाळा बाजारतळाला लागून असलेल्या धर्मशाळेत भरायची आणि नेमका बाजाराचा दिवस. बाहेर कांद्याचा लिलाव चाललेला, बैलांच्या घंटा, नुसता कल्ला. गुरुजींनी नाव विचारलं. ही गप्प. मी मागून ओरडले, "अगं, नाव सांग की!" ही आणखीच अंग चोरून उभी.

गुरुजी म्हणाले, "बाई, साठ पोरांत हिला मी कसं शिकवू? घरीच राहू द्या."

माझं डोकंच फिरलं. तिला दंडाला धरून ओढत गिरणीत आणलं. म्हटलं, बघा तुमची लेक! पण इंजिनाच्या धडधडीत माझं मलाच ऐकू येईना. एक बाई बाजरी घेऊन आली होती. मालकांनी मुलीच्या खांद्याला हात लावला, तिनं वर बघेपर्यंत थांबले आणि नुसते ओठ हलवून काहीतरी विचारलं. ती बाईकडं गेली, अंगठ्यावर बोट चोळून दाखवलं: जाड की बारीक? उत्तर घेऊन परत आली, बापाला सांगितलं, नि दळण सुरू झालं.

मी बघतच राहिले. गिरणीत ओरडून उपयोगच नसतो, म्हणून तिथं कुणी ओरडत नाही. समोर येतात, तोंडाकडं बघतात. मी रोज तिथं भाकरी घेऊन जायची आणि हे मला दिसू नये? कपाळावर हात मारून घेतला.

तशीच तिला घेऊन परत शाळेत गेले. गुरुजींना म्हटलं, "मी विचारते, तुम्ही फक्त बघा."

तिच्यासमोर उकिडवी बसले. खांद्याला हात लावला, थांबले. तिनं बघितल्यावर आवाज न काढता विचारलं, "तुझं नाव काय?"

बाहेर लिलाव तसाच चाललेला. तिनं नाव सांगितलं. बोबडं, पण बापाच्या नावासकट, आडनावासकट. गुरुजींनी टाक शाईत बुडवला. मग स्वतःच वाकून तिला विचारलं, "उद्या येशील ना?" तिनं मान डोलावली.

नंतर ती माझ्याकडं वळली. माझ्या कपाळावर बोट ठेवलं, आठ्या पडतात तिथं चोळून बघितलं आणि म्हणाली, "आई, आज राग न्हाई?"

तीन वर्षं मी लेकीला जेवायला बोलवत होते, आणि तिला वाटत होतं, आई आपल्यावर रागावलीय.