रिसेप्शनचा दुसरा वर्ग

लंडनच्या हॅरोतल्या एका प्रायमरी शाळेत मी टीचिंग असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा रिसेप्शनचे, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांचे, तीन वर्ग होते आणि तिन्ही तुडुंब. शेजारच्या गल्लीत राहूनही मुलाला जागा मिळाली नाही म्हणून ऑफिसात रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

माझा वर्ग दुसरा, आणि त्यात माझ्याबरोबर आणखी एक असिस्टंट होती. इंग्लिश, माझ्याहून वयाने बरीच मोठी, जन्म हॅरोतलाच. पुण्याहून आलेल्या मला तिनेच शाळा शिकवली. पी.ई.च्या तासाला मी एकदा मुलांना 'पँट्स काढा' म्हणाले, आणि तिने धावत येऊन सांगितलं, "अगं, ट्राउझर्स म्हण! पँट्स म्हणजे आतली चड्डी!" त्या दिवशी आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो होतो.

ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचं की नाही याचं मतदान झालं आणि बाहेर पडायचं ठरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खुशीत होती. चहा ओतता ओतता म्हणाली, "देश भरून गेलाय गं. डॉक्टर मिळत नाही, घरं मिळत नाहीत. थोडे लोक कमी झाले की श्वास घेता येईल."

"म्हणजे मी जाऊ?"

"तू नव्हे! तू आमच्यातली."

तिला वाटलं, तिने माझा मान राखला. मी कप धुवायला उठले. त्या दिवशी आमच्यात दूध नासल्यासारखं काहीतरी झालं, आणि पुन्हा पहिल्यासारखं कधीच झालं नाही.

पुढे लोक कमी झाले. आमच्या वर्गात एक रुमानियन मुलगी होती, रोज माझा दुपट्टा धरून रांगेत उभी राहायची. तिचा बाप घरांना प्लास्टर करायचा. एक दिवस तिची आई मला गेटपाशी म्हणाली, "आम्ही परत चाललो. पाउंडात आता पूर्वीसारखं काही उरत नाही. आणि हिला दुकानात एका बाईने विचारलं, तुम्ही कधी जाणार?" मुलगी पाच वर्षांची होती आणि हॅरोच्याच हॉस्पिटलात जन्मली होती.

तिच्यामागून पोलिश गेले, बल्गेरियन गेले. मधल्या काळात आपली मंडळी आली. नागपूरची, हैदराबादची, व्हिसावर, पोरंबाळं घेऊन. वाटलं, वर्ग भरतील. पण भाडी अशी चढली की वर्षभरात ती दूरच्या, स्वस्त मिल्टन कीन्सकडे सरकायची. मग नियम बदलले. केअर होममध्ये कामाला येणाऱ्यांना मुलं आणायला बंदी झाली. माणसं चालतील, त्यांची पोरं नकोत. तिसरा वर्ग त्याआधीच बंद झाला होता. तिथे आता फोटोकॉपीचं मशीन आणि मोडक्या खुर्च्या होत्या.

त्या सप्टेंबरात माझ्या जोडीच्या असिस्टंटची नात आमच्या वर्गात यायची होती. कोट अडकवायच्या खुंटीवर तिने स्वतः साळिंदराचं चित्र चिकटवलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा मुलगा, इलेक्ट्रिशियन, बायको-मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियात पर्थला गेला. तिथे दुप्पट पगार, अंगणवालं घर. इथे लग्नानंतर सहा वर्षं आईच्याच घरी एका खोलीत होता.

"तिकडे इमिग्रंट झाला म्हणायचा," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

"इमिग्रंट काय? मूव्ह झालाय तो," ती म्हणाली, आणि खुंटीवरचं चित्र नखाने खरवडत राहिली.

ख्रिसमसनंतर कौन्सिलचा माणूस आला. चांगला वागला बिचारा. म्हणाला, शाळेला पैसे मुलांच्या डोक्यांवर मिळतात, आणि डोकीच नाहीत. रिसेप्शनचा दुसरा वर्ग बंद. दोन्ही असिस्टंटच्या जागा रद्द.

मीटिंगनंतर आम्ही दोघीच स्टाफरूममध्ये उरलो. ती म्हणाली, "हे असं होईल हे कुणी सांगितलं नव्हतं."

"यात सांगायचं काय होतं?" माझा आवाज चढला. "माणसं गेली की त्यांची मुलंही जातात. मुलं गेली की आपलं काम जातं. तू रोज हजेरी घेत होतीस ना?"

ती रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता, असं कुणाला वाटेल. मला वाटलं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "तुझं बरं आहे. तू निदान परत जाऊ शकतेस."

"कुठे? माझं घर त्या सिग्नलपाशी आहे. वीस वर्षं तिथेच आहे."

 शाळेच्या शेवटच्या दिवशी मुलांनी दोघींना एकच कार्ड दिलं, तेही ती घेऊन गेली.

आता मी स्टॅनमोरच्या एका वृद्धाश्रमात काम करते. इंटरव्ह्यू असा झालाच नाही. मॅनेजरने विचारलं, सोमवारपासून येशील का? म्हातारे खोलीखोलीत बसलेले, बेल वाजवत राहतात, आणि मजल्याला दोघींच्या जागी मी एकटी. कित्येकांची मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात. रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटतात. फोन धरून मीच उभी असते.

परवा मॅनेजर म्हणाली, "तुझ्या ओळखीत कुणी आहे का गं, काम करायला तयार असलेलं? जाहिरात देऊन माणूस मिळत नाही."

मी म्हटलं, पूर्वी पुष्कळ होते. तोवर चार नंबरच्या खोलीची बेल वाजली, म्हणून गेले.