काचेच्या दुकानातली पांढरी साडी

चाळिशी ओलांडल्यावर मी मॅनेजमेंटच्या वर्गात बसले. कपड्यांच्या एखाद्या मोठ्या कंपनीची शाखा प्रत्यक्ष पाहून अहवाल लिहायचा, असं काम मिळालं. वर्गातल्या मुलांनी संध्याकाळपर्यंत इंटरनेटवरून पानं उतरवली. मी नागपूरहून गोंदियाची गाडी पकडली, कारण तिथला मॅनेजर फोनवर हो म्हणाला होता. लवकर या, असंही म्हणाला. या लग्नसराईत विक्री झाली नाही तर कंपनी दुकान बंद करणार होती.

भंडाऱ्यानंतर धान कापलेल्या बांध्यांमध्ये (शेताच्या चौकोनी तुकड्यांत) लाखोरी डाळीचं हिरवं पीक दिसू लागलं. खिडकीतून गार वारा येत होता. मला झोप लागली आणि जाग आली ती थेट आमगावला. गोंदिया मागे पडलं होतं. उतरले, परतीचं तिकीट काढलं आणि आलुबोंडा घेतला. तो गरम होता, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही.

फलाटावर एक बौद्ध कुटुंब बस्त्याला (लग्नाच्या एकत्र कपडेखरेदीला) गोंदियाला निघालं होतं. नवरी करुणा, तिची आई, मामा आणि चार-पाच बायका. करुणाला कंपनीच्या, काचेच्या भिंतींच्या नव्या दुकानात जायचं होतं. मामांचं म्हणणं, तिथे भाव होत नाही आणि बसायला गादीही नाही. मी तिथेच चालले आहे म्हटल्यावर करुणाने माझी पिशवीच उचलली.

"बाई आहेत ना सोबत, मामाजी. पाहून तं घेऊ."

दुकानात शिरताना सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. मीही काढल्या. समोर भिंतभर लाल आणि मरून घागरे टांगलेले होते. मामांनी पांढऱ्या साड्या मागितल्या. विकणाऱ्या मुलीने मॅनेजरकडे पाहिलं. तो सुरतेहून नवा आलेला, चांगला मुलगा. घरात कुणी वारलं असावं असं वाटून तो जवळ आला आणि हात जोडून हळूच म्हणाला, "घर में कोई ग़मी हो गई क्या?"

मामा दाराकडे वळले. करुणा मात्र जागची हलली नाही.

"गमी कायची जी? लगन आहे माझं. मीच नेसून राहिली."

"सफेद?"

"काऊन? लाल नेसलं तरच लगन लागते का?"

बायका हसल्या आणि मामांचे पाय थांबले. मॅनेजरने मागच्या खोक्यांकडे बोट दाखवलं. लग्नाच्या दिवसांत पांढरं समोर ठेवू नका, असा वरून हुकूम होता. म्हणून तो सगळा माल परत पाठवायला खोक्यांत बांधून ठेवलेला. मी त्याला म्हटलं, या जिल्ह्यात कितीतरी बौद्ध नवऱ्या लग्नाला पांढऱ्या साडीत उभ्या राहतात, खोकी उघडा. त्याने क्षणभर फोनकडे पाहिलं, मग स्वतःच दोरी कापली.

चादर अंथरली, सगळे खाली बसले. करुणाने बारीक जरीची साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. मामांनी अंगठ्याने पोत पाहिला आणि सवयीने भाव केला. भाव कमी होत नाही हे कळल्यावर ते म्हणाले, "मंग चहा तरी पाज." चहा आला. नवरदेवाचे पांढरे कपडेही तिथेच घेतले.

संध्याकाळी मी स्टेशनकडे निघाले तेव्हा काचेतल्या पुतळ्यावरचा मरून घागरा उतरलेला होता. पुतळ्याला पांढरी साडी नेसवता नेसवता मॅनेजर खांद्याने फोन धरून बोलत होता, "नहीं सर, ग़मी नहीं. शादी."

लग्नसराई संपल्यावर त्याचा फोन आला. दुकान टिकलं होतं, आणि पांढरा माल दुसऱ्यांदा मागवावा लागला होता.

अहवाल परत आला तेव्हा सरांनी समासात लाल शाईने विचारलं होतं, ही माहिती कोणत्या संकेतस्थळावर मिळाली? मी खाली लिहिलं : आमगावच्या फलाटावर, झोप लागल्यामुळे.