मावशीचा तोल

माझ्या मावशीचा तोल जातो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी दुकान उघडताना जातो, जेवायला उशीर झाला की जातो, आणि गिऱ्हाइकानं "जरा सैल वाटतंय हो" म्हटलं की जातोच जातो. मावशी कपडे शिवते. दुकान खाली, तिची खोली वर, मधे लाकडी जिना. मी तिच्या बहिणीची मुलगी. काजं-बटणं करायची, इस्त्री फिरवायची आणि मावशीनं दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढायची, ही माझी कामं. पहिली दोन पटकन होतात.

वरच्या खोलीवर मावशीचा भारी जीव. खिडकीखाली पलंग, भिंतीला लागून कापडाचे गठ्ठे, आणि खिडकीतून समोरच्या शिंप्याच्या दुकानात कोण शिरतंय ते लख्ख दिसतं. जो शिरला त्याचा पुढचा कपडा आमच्याकडून हमखास उशिरा मिळतो. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच्या तळमजल्यावरच्या घरातली मागची खोली तिच्यासाठी रिकामी करून बसलाय. त्या खोलीच्या खिडकीतून एक भिंत दिसते. दर रविवारी येऊन तो बजावतो, "मावशी, एकदा जरी पडलीस ना, त्याच दिवशी सामान खाली. मग मी कोणाचं ऐकणार नाही."

"पडायला मी काय झाडावरचं फळ आहे?" मावशी म्हणते. पण दादा बोलला की करतो, हे तिला माहीत आहे.

तर एके दिवशी एक मुलगी कोटाच्या बाह्या आखूड करायला आली. मावशी तिच्यावर खेकसली, कारण मुलगी माप घेताना हलत होती. मग मावशी वर दोरा आणायला गेली आणि मी माझं नेहमीचं तिसरं काम सुरू केलं.

"मनावर घेऊ नका हं," मी म्हटलं. "मावशीचा तोल जरा लवकर जातो."

मुलीचे डोळे चमकले. "खरंच? आम्ही त्यावरच संशोधन करतोय. वयस्कर माणसांचा तोल का जातो, यावर."

मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी या विषयात हात घातला. शिकलेल्या लोकांना इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही?

"कितीदा जातो?" तिनं विचारलं.

"रोज. दिवसातून दोन-तीनदा धरून चाला."

"बाप रे. मग लागतं का?"

"तिला नाही. समोरच्याला लागतं."

ती जरा गोंधळली. "म्हणजे समोरच्याच्या अंगावर जातात?"

"अगदी अंगावर. कालच एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंगावर गेली. बिचारे पँट न घेताच पळाले."

"आणि आधार दिला तर सावरतात?"

"छे छे. आधार द्यायला गेलं की जास्तच जातो. एकटं सोडायचं. आपोआप सावरते, मग स्वतःच चहा करून देते."

मुलगी भारावून गेली. असं माणूस आपल्या अभ्यासात हवंच, म्हणाली. मावशीला मी एवढंच सांगितलं की या वयात तू इतकी ठणठणीत कशी, ते त्यांना शिकायचंय. मावशी फुगली. तयारीला लागली. चांगला झगा काढला आणि त्याची कॉलर पुन्हा उसवून शिवली.

त्या मुलीच्या कॉलेजातली, तळमजल्यावरची तपासणीची खोली मला आवडली. जमिनीत एक सपाट पाटा बसवलेला, वजनकाट्यासारखा. त्याच्या तारा कॉम्प्युटरला. छतातून एक रुंद पट्टा लोंबत होता, माणसाला कमरेशी बांधायला. मी शोधत होते की माणसाला राग आणायची सोय कुठे आहे.

"या पाट्यावर डोळे मिटून उभं राहायचं," कोटवाली म्हणाली. (मावशी तिला कोटवालीच म्हणायची.) "तोल कसा जातो ते इथं उमटतं."

माझ्या डोक्यात उजेड पडला. पायांचा तोल! मी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्याचं नाटक करत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. आता सांगायचं तरी काय आणि कोणाला? एव्हाना मावशीनं पट्ट्याच्या शिलाईला नावं ठेवली होती. टेबलावरचा कपडा तिरका कापलाय म्हणाली होती. कोटवालीनं "आजी" म्हटलं तर "आजी कोणाची?" असं विचारून झालं होतं. म्हटलं, बघू तरी गंमत.

आधी अंगठ्याची परीक्षा. मावशीला खुर्चीत बसवून डोळ्यांना काळी पट्टी बांधली. कोटवाली तिच्या पायाचा अंगठा दोन बाजूंनी धरायची, हळूच वर किंवा खाली करायची आणि विचारायची, कुठे गेला?

"वर," मावशी म्हणाली. "खाली. परत खाली. आता वर. दमलीस की काय?"

सगळं बरोबर. कोटवाली थक्क. पण मी मावशीला ओळखून आहे. जिनं खोलीतल्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवली, ती डोळ्यांवरच्या त्या पट्टीबद्दल चकार शब्द काढेना. आणि पट्टी तर नाकापाशी चांगली बोटभर उघडी. बाई खालून खुशाल बघत होती.

मी उठले, खांद्यावरची शाल काढली आणि तिच्या गुडघ्यांवर पांघरली. "गारवा आहे ना," मी म्हटलं. शालीचं टोक अंगठ्याच्या पार खाली गेलं.

"कुठे गेला?" कोटवालीनं विचारलं.

मावशी थांबली. "वर," ती म्हणाली.

खाली गेला होता.

"आता?"

"वरच की."

परत खाली. मग ती सावध झाली, "खाली" म्हणाली, तर वर. मला आधी हसू येत होतं. मग येईना. मावशी शालीखाली बोटं आवळून बसली होती, आणि आपला स्वतःचा अंगठा कुठे आहे ते अंदाजानं सांगत होती.

"माझा पाय सोड आधी," ती म्हणाली. "हात गार आहेत तुझे. गार हातांनी कोणाला काय कळणार?"

मग पाटा. पट्टा बांधून, डोळे उघडे ठेवून मावशी खांबासारखी उभी राहिली. मग डोळे मिटायला सांगितलं. जरा वेळ ठीक होतं. मग ती पुढे झुकली, मागे झुकली, हात हवेत गेले, आणि कोटवालीनं धावत येऊन धरायच्या आत पट्ट्यानं तिला तोलून धरलं.

"ही फरशी कोणी हलवली?" मावशी कडाडली.

फरशी कोणी हलवली नव्हती. आणि ते वाक्य मी रोज ऐकत होते. हे स्टूल इथं कोणी ठेवलं? पायपुसणं कोणी सरकवलं? मशीनचं पॅडल कोणी घट्ट केलं? प्रत्येक वेळी मी धावत जाऊन स्टूल उचलायचे, पायपुसणं सरळ करायचे. पॅडलसाठी तर तीनदा मेकॅनिक बोलावला, आणि तीनही वेळा तो बिचारा बोलणी खाऊन गेला. तिच्या पायांकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. मावशीचे दोन तोल वेगळे नव्हतेच. पाय डगमगले की तोंड सुटायचं, म्हणजे बघणारा पायांकडे न बघता स्वतःची चूक शोधत बसायचा.

कोटवालीनं समजावून सांगितलं. पाय कुठे आहे, कसा टेकलाय, याची खबर पायाकडून आतल्या आत मेंदूला जात असते. वयानं ती पुसट होते, काहींची जरा जास्तच. मग माणूस डोळ्यांवर भागवतो. उजेडात कोणाला कळतही नाही. अंधार झाला, किंवा हातात गठ्ठा घेतल्यानं पाय दिसेनासे झाले, की गडबड होते.

"पायाची खबर परत येईलच असं नाही," ती म्हणाली. "पण सरावानं सावरणं सुधारतं. टेबल धरून एका पायावर उभं राहा. जिन्याला कठडा बसवा, दिवा लावा. तुम्ही पडलात का कधी?"

"नाही," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी शालीची घडी घालायला लागले.

येताना ती रस्त्यातल्या बाकावर टेकली. "दादाला बोललीस तर याद राख."

"किती वेळा पडलीस?"

"पडले नाही. बसले."

"कुठे?"

"जिन्यात. एकदा कपाटापाशी. अचानक बसले, इतकंच."

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. इतके दिवस मी त्या स्टुलाबद्दल माफी मागत होते. "तू सांग, नाहीतर मी सांगते," मी म्हटलं.

तिनं झग्याची कॉलर नीट केली. मग म्हणाली, "कठडा बसू दे. मग मी सांगेन त्याला, माझ्या तोंडानं. शब्द देते. पण मग ती भिंत बघत बसायची पाळी आली ना, तर रोज तुझ्या नावानं खडे फोडेन."

दरम्यान मी एक नियम केला. मावशी ओरडली की ती पडतेय असं धरायचं, आणि जाऊन कमरेला मिठी मारायची. पहिल्यांदा ती एका गिऱ्हाइकावर ओरडली, खिशांवरून. मी काउंटर ओलांडून गेले आणि घट्ट धरलं. "सोड, वेडे," ती म्हणाली. "आत्ता नुसतं तोंड आहे." गिऱ्हाईक डोळे फाडून बघत होतं. असं चार-पाचदा झाल्यावर दुकानात विलक्षण शांतता पसरली. समोरचा शिंपी येऊन तब्येतीची चौकशी करून गेला. मावशी सकाळी कापायच्या टेबलाला धरून एका पायावर उभी राहायची, आणि कोणी विचारलं तर "कंटाळा आलाय" म्हणायची.

सुतारानं कठडा बसवला. रविवारी दादा आला आणि त्याची नजर थेट तिथंच गेली.

"हा कशाला?" तो म्हणाला. "मावशी, पडलीस का?"

मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. "ऐक," ती म्हणाली. "तुला एक सांगायचं होतं. माझा तोल जातो."

दादा पोट धरून हसला. "हे तू मला सांगतेस? लहानपणापासून ऐकतोय."

"नाही, हल्ली जास्त जातो."

"वयानं जातो गं. आमच्या साहेबांचाही जातो. परवा फाइल भिरकावली."

"म्हणजे तुझं काही म्हणणं नाही?"

"माझं काय असणार? उलट सांगतेस हेच खूप झालं." त्यानं कठडा हलवून बघितला, सुताराचं काम पक्कं आहे म्हणाला, पँटची चेन बदलायला टाकली आणि गेला.

"शब्द पाळला की नाही?" मावशी म्हणाली. "आता त्याच्या डोक्यात शिरलं नाही, त्याला मी काय करू?"

त्याला हाक मारायला मी दारापर्यंत गेलेही होते. मग मागे वळून बघितलं. मावशी हसत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता, आणि जिना चढायच्या ऐवजी खाली आपल्या पायांकडे बघत होती. मी परत आले. दादाला मी सांगेनच, पण मावशी एका पायावर नीट उभी राहायला लागली की.

तिनं एक हात सोडला आणि कोपर माझ्यापुढे केलं. "धर," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "आणि पाय टेकला की नाही ते मला सांगत चल."

मी कोपर धरलं. "टेकला," मी म्हटलं. पुढची पायरी. "टेकला." तिच्या झग्याला साबणाचा वास येत होता. मी गरजेपेक्षा जास्तच मोठ्यानं सांगत गेले. शेवटच्या पायरीवर मी खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघत राहिले आणि सांगायचं विसरले. मावशीचा तोल गेला. तोंडाचा. पाय व्यवस्थित टेकलेले होते.