एकशे चौदा नंबरचा अभिप्राय

अमरावतीच्या ज्या वाचनालयात मी नोकरीला होते, तिथं प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दोन कोरे कागद डकवलेले असत. पुस्तक परत करताना वाचकानं त्यावर पेन्सिलीनं अभिप्राय लिहायचा आणि खाली नाव न घालता फक्त सभासद नंबर टाकायचा. ही आमच्या ग्रंथपालांची टूम. ते पुण्याहून आलेले, शिस्तीचे पक्के. त्यांचा दुसरा नियम आणखी कडक होता. अभिप्राय पुस्तकावर द्यायचा, दुसऱ्या वाचकाच्या अभिप्रायावर नाही. कोणी तसं लिहिलंच तर ते पुसून टाकायचं काम माझं. आता वऱ्हाडातल्या माणसानं कागद समोर असताना शेजाऱ्याशी भांडायचं नाही म्हणजे फारच झालं. माझ्या टेबलावर खोडरबराचा कीस कायम पडलेला असे.

एकसष्ट-बासष्टच्या हिवाळ्यात एका कादंबरीनं त्या कागदांवर नुसता धुमाकूळ घातला. पोलिसी तपासाची गोष्ट होती. पहाडातल्या गावी बर्फात एका बड्या पुढाऱ्याचा खून होतो आणि इन्स्पेक्टर माग काढत काढत बेचाळीसच्या चळवळीपर्यंत जातो. तेव्हा एक पोरगा कोठडीत गारठून मेलेला असतो, आणि त्याला पकडून देणारा फितूरच पुढे पुढारी झालेला असतो.

‘बर्फ फार, गोष्ट कमी,’ असं एकानं लिहिलं. दुसरा म्हणाला, ‘खुनी तिसऱ्याच प्रकरणात समजला, उरलेलं पुस्तक पैज म्हणून वाचलं.’ ‘पोलीस इतके हुशार असतात हे वाचून करमणूक झाली,’ असं एका वकिलानं लिहिलं. नंबरावरून मला कळायचं कोण ते. ‘देशभक्तांना काळं फासणाऱ्या लेखकावर खटला भरा,’ या वाक्याखाली कोणीतरी ‘तुले काहून झोंबलं?’ असं विचारलं होतं. ते मी पुसलं, पण हसत हसत.

ही कादंबरी माझ्या बाबांनीही नेली. बाबा पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही बडनेऱ्याला राहायचो. त्यांचं कार्ड मीच बनवलं होतं, नंबर एकशे चौदा. एरवी ते वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नसत. ही पोलिसांची गोष्ट म्हणून मीच आग्रह केला. आठ दिवसांनी ते स्वतः येऊन पुस्तक परत करून गेले. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी मागचं पान उघडलं. ठाण्याच्या डायरीत लिहावं तशा ठाशीव अक्षरात लिहिलेलं होतं:

‘पुस्तक वाचले. कोठडीतली थंडी बरोबर लिहिलेली नाही. मुलगा गाणी म्हणत मरतो असे दाखवले आहे. तसे होत नाही. थंडी फरशीवरून पायांत चढते. गुडघ्यांच्या वर आली की इसम बोलत नाही. सन बेचाळीस, अकोल्याकडील ठाणे, कॉलेजातला मुलगा. घोंगडी काढून घेण्याचा हुकूम होता. काढली. पहाऱ्यावरच्या शिपायाजवळ ओव्हरकोट होता. ११४.’

बाबा हिवाळ्यात कधी पांघरूण घेत नसत. पौषात सगळं घर रजयांत शिरे तेव्हा हा माणूस ओसरीवर एका धोतरावर झोपे. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, ‘यायच्या आंगात भट्टी हाय वं.’ आम्ही पोरंही ते मिरवायचो. बाबा खोलीतून गेले की त्यांच्या मागं कोणीतरी कुडकुडत चाललंय असं मला वाटायचं. ते तेव्हापासूनच.

ते पान मला फाडावंसं वाटलं. पण अभिप्राय पुस्तकावर होता. नियमात बसत होता.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा म्हणाले, “माह्याखाली कोनं काही लिवलं काय?”

“नाही,” मी म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

पुढे दर आठवड्याला ते हेच विचारू लागले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या खाली ओळ आली. पेन्सिल इतकी दाबून लिहिलेली की कागदावर चरे पडले होते. ‘११४ यांस. तो मुलगा शेवटी काय बोलला?’ नंबर होता नांदगाव खंडेश्वरच्या एका शाळामास्तरांचा. दर शनिवारी दुपारच्या एस्टीनं यायचे, गुळगुळीत पिशवीतून दोन पुस्तकं काढायचे, दोन न्यायचे. मी खोडरबर घेतलं. नियमच होता तसा. पण त्या दिवशी मला तो नियम किती आवडला म्हणून सांगू! घासून घासून कागद पातळ केला. बाबांनी विचारलं तेव्हा पुन्हा ‘नाही’ म्हणाले.

शनिवारी मास्तरांनी मागचं पान पाहिलं. मग माझ्या टेबलापाशी आले.

“बाई, हा एकशे चौदा नंबर कोनाचा?”

“सांगता येत नाही, गुरुजी.”

“तो पोरगा माहा भाऊ होता,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “घोंगडी काढली ते आमाले मालूम हाय. संगं पकडलेल्यायनं सांगितलं. पन त्याले निराळा ठेवला होता. माय दर हिवाळ्यात इचारते, माह्यं लेकरू जाताना काय बोललं असंन? मले सांगता येत नाही. मले त्या मानसाशी भांडाचं नाही, बाई. मले फक्त तेवढं इचाराचं हाय.”

रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं. मी म्हणाले, “ते सभासद गाव सोडून गेले.”

मास्तरांनी तेच पुस्तक पुन्हा नेलं.

मी बापाला वाचवलं असं मला वाटलं. कोणापासून वाचवलं हे मी स्वतःला विचारलं नाही. लोक थुंकतील, आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच मला दिसत होतं. बाबा दर आठवड्याला विचारत होते, ते कशासाठी, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी पाहिलं नाही.

वर्ष गेलं. पुन्हा थंडी पडली. एका सोमवारी मी रजेवर होते, तेव्हा बाबा वाचनालयात गेले आणि त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं. वाचनालयाच्या शिपायानं मला सांगितलं, खिडकीशी उभं राहून ते मागचं पान तिरपं धरून बघत होते. पस्तीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस. मी फक्त शिसाचा रंग पुसला होता; पेन्सिलीचे चरे तसेच होते. पुसलेल्या जागेखाली त्यांनी लिहिलं:

‘दोनदा माय म्हणून हाक मारली. ऐकली. गेलो नाही. ११४.’

घरी ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी पुसलं हे त्यांना कळलंय, हे मला कळलं होतं. आम्ही दोघं शेजारी बसून भाकरी खाल्ली.

हे मी पुसणार नव्हते. ग्रंथपालांनी नोकरीवरून काढलं तरी चालेल, असं ठरवून मी ते पुस्तक टेबलावर समोरच ठेवलं आणि शनिवारची वाट पाहत बसले. दुपारच्या एस्टीनं मास्तर आले. डोक्यावर टोपी होती. पुस्तकं काढताना त्यांनी ती टेबलावर ठेवली.

त्यांचं डोकं भादरलेलं होतं.

“माय गेली,” ते म्हणाले. “परवा दहावं झालं.”

मी पान उघडून पुढे केलं. त्यांनी वाचलं. मग बोट पुसलेल्या जागेवरून फिरवलं, अगदी हळू, आणि माझ्या टेबलावरच्या खोडरबराकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि खाली लिहिलं, ‘वाचले.’ नंबर घातला, टोपी डोक्यावर ठेवली आणि गेले. पुस्तक नेलं नाही.

संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले होते.

“कोनं काही लिवलं काय?”

“लिवलं. वाचलं म्हणून.”

त्यांनी विचारलं, “त्या पोराची माय हाय काय?”

मी त्यांच्या उघड्या पावलांकडे पाहिलं. भेगा पडलेली, थंडीनं काळवंडलेली पावलं.

“हाय,” मी म्हणाले. “तिले वाचून दाखवतो म्हने.”

बाबांनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांनी आईला हाक मारली आणि ट्रंकेतली रजई मागितली. आई दारात येऊन माझ्याकडे बघतच राहिली.

त्यानंतर बाबा सहा हिवाळे जगले, सगळे रजईत. मी त्यांना खरं सांगितलं नाही. त्या माउलीला मरायच्या आधी एक अख्खं वर्ष मिळालं होतं, आणि तिच्या लेकराच्या दोन हाका आमच्या घरातच होत्या.