वाणात आलेल्या बाटल्या

यंदा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या मिळाल्या नाहीत. बोलावणाऱ्या बहुतेकजणी पन्नाशीच्या आसपासच्या, त्यामुळे वाणात आल्या गोळ्यांच्या बाटल्या. तीन घरांतून कॅल्शियम, एका घरातून माशाचं तेल आणि आणखी एकीकडून ‘स्त्रीच्या हृदयासाठी’ कसल्याशा कॅप्सूल. त्या शेवटच्या घरी आधी व्याख्यान झालं. कॅप्सूल विकणाऱ्या बाईंनी टीव्हीवर धडधडणारं लाल हृदय दाखवलं आणि आम्हा सगळ्यांना ‘क्वीन’ म्हटलं. मला क्वीन म्हणणाऱ्यांपासून मी लांब राहते. पण वाण नाकारायचं नसतं आणि पुढे दुसरीला द्यायचंही नसतं. फेकणं तर जिवावर येतं. तेव्हा रोज सकाळी सगळ्यांतली एकेक गोळी मी गिळू लागले.

खरं तर मला गरजही वाटत होती. पाळी मनाला येईल तेव्हा यायची, आली की मुक्काम ठोकायची. दोन जिने चढले की धाप लागायची. शेजारणी म्हणायच्या, “वय आहे गं आपलं.” मीही तेच म्हणायचे.

एकदा थोरली जाऊ दिंडोशीहून आली, तिला आणायला मी खाली गेले आणि नेमकी लिफ्ट बंद. घर चौथ्या मजल्यावर, आणि मी दुसऱ्यावरच कठडा धरून उभी राहिले.

“काय गो, कधीपासून हे?”

“पाळी जायचं वय आहे, वहिनी. गोळ्या चालू आहेत.”

“कुठल्या डॉक्टरच्या?”

“हळदीकुंकवाच्या.”

एरवी यावर त्या आठवडाभर हसल्या असत्या. घरात आल्यावर चहाही न घेता त्यांनी सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या. “चप्पल घाल.”

डॉक्टरीणबाईंनी बाटल्या टेबलावर मांडून वाचल्या. “तिन्हींत तेच कॅल्शियम आहे. एवढं कशाला?”

“वाण होतं,” मी म्हटलं.

“मग ओटीत ठेवायचं. पोटात कशाला?”

त्यांनी सांगितलं, पाळी जायच्या काळात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल गुपचूप वाढू शकतं, हृदयाचा धोकाही वाढतो. या कॅप्सूल तो टाळतात असं सिद्ध झालेलं त्यांना तरी माहीत नव्हतं. “धाप लागली की वय मोजायचं नाही, तपासून घ्यायचं.”

ईसीजी, इको, रक्त. रिपोर्ट येईपर्यंत मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. शेजारी वहिनी माझी पर्स छातीशी धरून बसल्या होत्या, जणू ती कोणी पळवणार होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

हृदय ठीक निघालं. रक्तदाब मात्र वाढलेला, आणि हिमोग्लोबिन इतकं खाली की धाप लागायला तेवढं पुरे होतं. मला लोह हवं होतं, ते एकाही बाटलीत नव्हतं. उलट कॅल्शियम सोबत घेतलं तर लोह अंगी लागायला अडथळाच. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, लोह सुरू झालं आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

रिक्षात मी आभार मानायला तोंड उघडलं, तर वहिनी म्हणाल्या, “गप बस. तुला काही झालं असतं तर गणपतीला एवढे मोदक मी एकटीने वळायचे होते काय?”

मग त्यांनी माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. आता मी चारही मजले न थांबता चढते. वर पोचले की त्यांना फोन करते. त्या आधी माझा श्वास ऐकतात, मग बोलायला लागतात.