चार नंबरच्या हॉलमधली बाई

दामूअण्णा कुठल्याही खोलीत शिरताना आधी दाराला वीत लावायचे. ओठातल्या ओठात मोजायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. विद्यापीठाच्या पेणच्या कलाविभागात मी शिकायला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. ते आम्हाला साचेकाम शिकवायचे, तेही दरवर्षी नव्याने होणाऱ्या करारावर.

त्या वितीमागे इमारतीचा सगळा इतिहास होता. बांधकाम चालू असताना चार नंबरच्या हॉलची एक बाजू उघडीच होती. तरुण अण्णांनी तिथे प्लास्टरची, भात लावणारी बाई केली. वाकलेली, तरी दीड पुरुष उंच. चेहरा त्यांच्या आईचा, जिने गागोद्याच्या शेतात जन्म काढला. बाई पुरी होईपर्यंत गवंड्यांनी ती बाजू बांधून काढली आणि दार ठेवलं जेमतेम चार वितींचं. बाई आतच राहिली.

"कापून बाहेर काढा," असं प्रत्येक नवा विभागप्रमुख म्हणायचा. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "आयला करवत लावू?" मुंबईच्या स्टुडिओतून, जयपूरच्या मूर्तिशाळेतून त्यांना बोलावणी आली. सगळ्यांना एकच निरोप, "ही निघाली की मी निघतो." आम्हाला कोण अभिमान त्यांचा!

पुढे मी तिथेच शिकवायला लागले, रोज रोह्याहून एसटीने. मग मात्र त्या हॉलमध्ये जीव गुदमरायला लागला. बाईच्या पाठीला लागतो म्हणून पंखाही काढलेला. अण्णा घामाने निथळत तिच्या पायाशी बसून डबा खायचे. "जरा बाहेर बसा ना," म्हटलं की म्हणायचे, "नाय गो बाय, हितंच बरं हाय."

यंदा विभाग रोह्याच्या नव्या इमारतीत हलला. जुनी इमारत परीक्षेचे गठ्ठे ठेवायला दिली. भिंतीला हात लावायचा नाही, आणि शनिवारपर्यंत हॉल रिकामा झाला नाही तर बाई हातोड्याने फोडायची, असा हुकूम आला. इमारतीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शुक्रवारी वही घेऊन गेले, पण लिहिणार काय, रडकुंडीला आले होते. म्हटलं, "अण्णा, उद्या फोडतील हो तिला."

 अण्णांनी पिशवीतून पाना काढला आणि तिच्या पदराच्या चुणीतली प्लास्टरची खपली नखाने उचकटली. खाली बोल्ट होता, तेल पाजलेला. बाई पहिल्यापासून पाच भागांत जोडलेली होती. पेणचा साचेवाला एवढं मोठं काम अखंड करतच नाही. त्यांच्याच हाताखाली शिकून हे मला कधी सुचू नये!

"म्हणजे केव्हाही निघाली असती?"

"व्हय."

"मग?"

पाना फिरवता फिरवताच ते बोलले, "ती निघाली तर मला पण निघायला लागलं असतं. भायेर माझं काम कुणाला नाय आवडलं तर? हितं निदान अडकलोय म्हणून सांगता येत व्हतं."

मला संताप आला, आणि रडूही. पाचही भाग त्या दारातून आरामात बाहेर गेले.

"इतिहासात काय लिहू?" मी विचारलं.

"लिही, दार लहान व्हतं."

मी तसंच लिहिलं. अण्णांचा करार जुन्या इमारतीबरोबर संपला. बाई आता रोह्याच्या अंगणात उभी आहे, मी तिच्यासमोरच्या खोलीत शिकवते. माझ्या खणात गोव्याच्या एका कलाशाळेचं नेमणूकपत्र दोन महिने पडून आहे. आईला टाकून कशी जाऊ, असं मी सगळ्यांना सांगते. आईने माझी बॅग केव्हाच भरून ठेवली आहे.